वीस मिनिटं झाली की बंद पडणारी किट कार: दोष नेमका कुठे शोधायचा

तक्रार अशी. थंड गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटं झकास पळते, मग गर्दीत किंवा सिग्नलला हळू झाली की मिसिंग मारायला (अडखळत, खोकत चालायला) लागते आणि बंद पडते. सेल्फ मारला तर फिरतो, पण इंजिन धरत नाही. बॉनेट उघडं टाकून अर्धा तास बसलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

सुट्या भागांच्या संचातून (किटमधून) घरी जोडताना नऊ वर्षं जिच्यावर शनिवार-रविवार घातले, ती गाडी रस्त्यावर आल्यावर पहिले दोन महिने माझ्याशी अशी वागली. त्या दोन महिन्यांत मी इग्निशन कॉइल बदलली, पेट्रोल पंप बदलला, फिल्टर दोनदा बदलला, इंजिनचं फिरणं टिपणारा क्रँक सेन्सर बदलला. प्रत्येक नव्या पार्टनंतर गाडी एक-दोन दिवस बरी चालायची, कारण ते दिवस थंड असायचे किंवा रस्ता मोकळा असायचा. मला वाटायचं, सुटलो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा तो सगळा प्रकार होता. दोष पाचशे दिवसांपूर्वी मीच घट्ट आवळलेल्या एका बोल्टखाली होता.

गाडी लोटस सेव्हन या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धाटणीची आहे. चौकोनी पाइपांची पावडर कोटिंग केलेली चॅसी (गाडीचा सांगाडा), बाजूला अॅल्युमिनियमचे पत्रे, नाक आणि मडगार्ड फायबरचे. इंजिन दुसऱ्या गाडीतून काढलेलं, चार सिलिंडरचं, फ्यूएल इंजेक्शनवालं. बॅटरी आणि टाकी दोन्ही मागे. ही रचना सांगतो, कारण दोष रचनेतूनच येतात. १९५७ साली लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी मूळ लोटस सेव्हन आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. म्हणून लोकांनी त्या घरी जोडल्या. १९७३ साली त्या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. कर कधीच गेला, पण घरी जोडण्याची हौस राहिली, आणि तिच्यासोबत एक अडचणही. कारखान्यातून आलेल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा एकच असतो. आपल्या गाडीचे तीन असतात: इंजिन ज्या गाडीतून आलं तिचा, संच देणाऱ्याचा, आणि तिसरा आपल्या डोक्यात, जो जोडणी संपेपर्यंत अर्धा पुसलेला असतो.

गरम म्हणजे नक्की काय गरम?

गरम झाल्यावर बंद पडते म्हटलं की प्रत्येक जण एकच यादी वाचतो: कॉइल, सेन्सर, पेट्रोलची वाफ. यादी चूक नाही. गरम कॉइलच्या आतली तार खरंच सुटते, क्रँक सेन्सर खरंच तापून गप्प होतो. पण गाडी गरम होते तेव्हा तापमान सोडून आणखीही काही गोष्टी बदलतात. रेडिएटरचा पंखा सुरू होतो. टाकीतलं पेट्रोल कमी झालेलं असतं. संध्याकाळ झाली तर दिवे लागलेले असतात. या गोष्टी वेगळ्या काढल्याशिवाय पार्ट बदलणं म्हणजे पैसे फेकणं, आणि मी ते भरपूर फेकले.

शेवटी मी बाजूच्या सीटवर एक वही ठेवली. गाडी बंद पडली की हात न लावता पाच गोष्टी लिहायच्या: सुरू करून किती मिनिटं झाली, तापमानाचा काटा कुठे होता, पंखा चालू होता का, दिवे लागले होते का, टाकीत पेट्रोल किती. नऊ नोंदी झाल्यावर पानाकडे नुसतं बघितलं तरी कळत होतं. नऊपैकी नऊ वेळा पंखा चालू होता. मिनिटांचा आकडा मात्र १४ पासून ३१ पर्यंत कुठेही होता.

आणखी एक गोष्ट मी रोज बघत होतो आणि दुर्लक्ष करत होतो. पंखा सुरू झाला की तापमानाचा काटा टुणकन उडायचा. इंजिनचं बीड (ओतीव लोखंड) आणि पाच-सहा लिटर पाणी एका सेकंदात दहा अंशांनी तापत नाही. काटा उडतो तेव्हा तापमान बदललेलं नसतं, काट्याला मिळणारा अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत जायची वाट (अर्थिंग), हललेला असतो. तुमच्या गाडीत पंखा, दिवे किंवा हॉर्न लावल्यावर कुठलाही काटा हलत असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी अर्थिंग बघा.

दोष थंड गाडीत उभा करायचा

मग मी जे केलं ते पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. इंजिन पूर्ण थंड. रेडिएटरवरच्या थर्मोस्विचचं (पाणी तापलं की पंखा लावणाऱ्या स्विचचं) सॉकेट काढलं आणि त्यातल्या दोन वायरी छोट्या तारेने जोडून पंखा जबरदस्तीने चालू केला. (तुमच्या गाडीत पंखा कंट्रोल युनिटवरून (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकावरून) चालत असेल तर रिलेच्या जागी तार घाला. तार जाड हवी आणि फ्यूज मध्ये असलाच पाहिजे.) मग इंजिन सुरू केलं. तीन मिनिटांत ते खोकायला लागलं, पाचव्या मिनिटाला बंद. बीड हाताला कोमट लागत होतं. कॉइल निर्दोष, सेन्सर निर्दोष, पेट्रोलची वाफ हा विषयच नाही. दोन महिन्यांचा छळ पाच मिनिटांत गॅरेजमध्ये माझ्या समोर उभा होता, आणि मला चक्क आनंद झाला.

तो गॅरेजमध्ये आधी का सापडला नाही, हेही त्याच वेळी कळलं. तपासताना मी नाकाचा फायबर काढून ठेवायचो. रेडिएटर उघडा पडला की त्याला हवा लागते आणि पंखा सुरू व्हायची वेळ फारशी येत नाही. दोष शोधण्यासाठी मी जे उघडत होतो, त्यानेच दोष पळून जात होता.

आता मीटर. इथे बहुतेक जण मल्टिमीटर ओहमवर लावून इंजिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह तपासतात, शून्याच्या आसपास आकडा दिसतो, आणि अर्थिंग चांगलं आहे म्हणून पुढे जातात. मीही गेलो होतो. ही तपासणी फसवी आहे. ओहम मोजताना मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. जाड केबलची एक तार जरी शिल्लक असली तरी तो शून्यच दाखवतो. शिवाय साध्या मीटरच्या स्वतःच्या पिनांचाच रोध पाव-अर्धा ओहम असतो, तर आपण शोधतोय तो दोष एका ओहमच्या दहाव्या भागाहून लहान.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि लोड (पंखा, दिवे) चालू असताना मोजा. काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लँपवर नव्हे. लाल पिन क्रमाने पुढे न्यायची: आधी क्लँप, मग केबलचं थिंबल (टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), मग चॅसीचा नट, मग त्याच नटाशेजारचा उघडा धातू, मग इंजिनचा ब्लॉक, शेवटी डॅशमागचा अर्थ बोल्ट. सगळं ठीक असेल तर पंखा आणि दिवे लागलेले असतानाही आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास राहतो. ०.२ च्या वर गेला तर त्या टप्प्यात काहीतरी गडबड आहे. सेल्फ फिरत असताना करंट शंभर-दीडशे अँपिअरच्या घरात असतो, तेव्हा इंजिनच्या ब्लॉकपर्यंत अर्धा व्होल्ट ही हद्द धरावी.

माझ्या गाडीत ब्लॉकपर्यंत सगळं छान होतं. डॅशमागच्या बोल्टवर १.६ व्होल्ट. पंखा जवळपास १८ अँपिअर खातो, म्हणजे त्या एका जोडात ०.०९ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण १८ अँपिअरला तिथे एकोणतीस वॉटच्या आसपास उष्णता तयार होते, एका बोल्टच्या डोक्यावर. बोट लावलं तर चटका बसला. जोड तापतो, तापला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. चौथ्या मिनिटाला आकडा २.३ वर होता.

आता याने इंजिन का बंद पडावं? कारण त्याच बोल्टवर मी पंखा, पेट्रोल पंप आणि इंजिनचं कंट्रोल युनिट या तिघांचे अर्थ एकत्र आवळले होते. नीटनेटकं दिसतं म्हणून! पंखा लागला की पंपाला मिळणारं व्होल्टेज दोन व्होल्टनी उतरायचं. त्याहून वाईट म्हणजे कंट्रोल युनिटचा शून्यच दोन व्होल्टवर सरकायचा. काही सेन्सर थेट ब्लॉकवर अर्थ घेतात आणि त्यांचा सगळा हिशोब शून्य ते पाच व्होल्टमध्ये चालतो. शून्यच सरकला तर कंट्रोल युनिटला सेन्सर सांगतो एक आणि ऐकू येतं दुसरं. ते मग पेट्रोलचं प्रमाण भलतंच ठरवतं.

बोल्ट खोलला तेव्हा थिंबलखाली पावडर कोटिंगचा सुंदर चकचकीत काळा थर होता, जसाच्या तसा. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकच, त्यातून वीज जात नाही. सगळा करंट बोल्टच्या दोन-तीन आट्यांमधून चॅसीत उतरत होता, आणि त्या आट्यांना गंज चढायला लागला होता. कारखान्याच्या गाडीत पत्र्याची सगळी बॉडी अर्थ असते, एक जोड सैल झाला तरी करंटला दहा वाटा असतात. आपल्याकडे बॉडी फायबरची, इंजिन रबरी माउंटवर, चॅसीवर प्लास्टिकचा अंगरखा. आपण वाट दिली तरच वाट आहे.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट गिअरबॉक्सच्या एका मोठ्या बोल्टपर्यंत ३५ चौरस मिमीची तांब्याची केबल ओढली, चॅसीच्या भरवशावर राहिलोच नाही. चॅसीला वेगळी जोडणी दिली, तिथे कोटिंग घासून चकचकीत लोखंड उघडं केलं, स्टार वॉशर घातला, आवळलं आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. कंट्रोल युनिटचा अर्थ थेट ब्लॉकवर, एकट्याचा. पंख्याचा वेगळा. डॅशमागच्या बाकी बारीकसारीक गोष्टी एका तांब्याच्या पट्टीवर घेतल्या आणि त्या पट्टीतून एक जाड वायर मागे नेली. नंतर मोजलं तेव्हा पंखा, हेडलाइट, हॉर्न एकदम लावूनही ०.०५ व्होल्ट.

एक धोक्याची गोष्ट याच संदर्भात. इंजिनला जाड अर्थ पट्टा जोडायचा राहून गेला असेल, तर सेल्फ मारताना तो दीडशे अँपिअरचा करंट मिळेल त्या धातूतून परत जातो. बऱ्याचदा तो धातू म्हणजे अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल. ती तापते, आतलं नायलॉनचं अस्तर वितळतं आणि केबल अडकते. अॅक्सिलरेटर दाबलेल्या जागीच अडकला तर काय होईल ते सांगायला नको. सेल्फ मारल्यावर केबलच्या टोकाला धूर किंवा जळका वास आला, तर पुन्हा सेल्फ मारू नका.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच

गाडी उत्तम चालत होती. मग एका सकाळी, टाकी फुल्ल करून निघालो आणि दहाव्या मिनिटाला मिसिंग, पंधराव्याला बंद. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून स्वतःच्या अर्थिंगला शिव्या घातल्या. घरी आणून मोजलं: ०.०५. अर्थिंगचा काही संबंध नव्हता. लक्षण तेच, आजार वेगळा, आणि यात लोक सगळ्यात जास्त फसतात. एकदा सापडलेल्या दोषावर आपला फार जीव जडतो.

वहीने पुन्हा वाचवलं. या वेळच्या नोंदींत पंखा दोनदा बंद होता. पण टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडत होती आणि अर्धी असली की उशिरा, कधी पडतही नव्हती. पेट्रोल जास्त असताना उपासमार, हे उलटं वाटतं. पण टाकीत हवा आत यायची वाट बंद झाली असेल तर गणित सरळ आहे. भरलेल्या टाकीत वर दोन लिटर हवा असेल आणि इंजिनने एक लिटर पेट्रोल ओढलं, तर त्या दोन लिटर हवेला तीन लिटरची जागा भरावी लागते. दाब तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. पेट्रोलची वाफ त्यातला काही भाग भरून काढते, पण पंपाला ओढून ओढून रडायला तेवढं पुरतं. अर्धी टाकी असेल तर वर वीस लिटर हवा असते, एक लिटरने तिला काही फरक पडत नाही.

खात्री करायला सोपं आहे. गाडी मिसिंग मारायला लागली की सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, झाकण हळूच सैल करा. हवा फुस्सकन आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी लगेच नीट सुरू झाली, तर तोच दोष. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवर प्रेशर गेज लावता आलं तर आणखी उत्तम. अशा इंजेक्शनमध्ये साधारण तीन बार असतात आणि गाडी खोकण्याआधीच काटा खाली यायला लागलेला दिसतो. हे करताना जवळ तापलेला सायलेन्सर, ठिणगी, विडी-सिगारेट काही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. अग्निशामक हाताशी असावा.

माझ्या टाकीचा व्हेंट पाइप (हवा आत घेणारी नळी) मागच्या पत्र्याखाली मुडपला गेला होता. रस्त्यावर काढायच्या आधीच्या सगळ्या चाचण्या तो पत्रा न लावताच झाल्या होत्या. अर्थिंगची दुरुस्ती झाली, गाडी आता पूर्ण झाली असं वाटलं आणि मी हौसेने पत्रा लावून स्क्रू मारले. पाइपाला तेवढीच जागा होती. गाडीचं फिनिशिंग करणं हाही एक बदल आहे, त्याचीही वहीत तारीख लिहा. उपाय म्हणून मी पाइपाला मोठं वळण दिलं आणि गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह सरळ उभा बसवला. झाकणाला भोक पाडण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. देऊ दे. पाडू नका. वळणावर पेट्रोल बाहेर येतं आणि ते नेमकं तापलेल्या जागी पडतं.

काटा खाली येतो तेव्हा घाबरायचं

याच कुळातला तिसरा दोष मला कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बदलल्यावर भेटला. या गाड्यांचं नाक खाली असतं, त्यामुळे रेडिएटर इंजिनपेक्षा खाली बसतो आणि साऱ्या व्यवस्थेतली उंच जागा म्हणजे सिलिंडर हेड. भरताना राहिलेली हवा तिथेच जाऊन बसते. मग पाणी फिरत नाही, रेडिएटर थंडच राहतो, थर्मोस्विचला काही कळत नाही आणि पंखा लागत नाही. तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत असेल तर काटा चक्क खाली येतो, आणि तुम्ही खूश होता. इंजिन मात्र उकळत असतं. हीटर गरम हवा देईनासा झाला, खालचा होज पाइप थंड आणि वरचा चटका देणारा असेल, तर काट्यावर विश्वास ठेवू नका.

हवा काढायला नाक जॅकवर उचला, इतकं की रेडिएटरचं तोंड हेडपेक्षा वर जाईल. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा, थंड इंजिनवर झाकण न लावता सुरू करा, होज पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. कायमचा उपाय म्हणजे हेडपेक्षा उंच बसवलेली छोटी हेडर टाकी आणि हेडपासून तिच्यात जाणारी बारीक नळी. गरम असताना झाकण मात्र कधीच उघडायचं नाही. एक बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत न उकळता दबून राहतं, आणि झाकण सैल होताच एकदम उसळतं.

सध्या गाडी पळते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट, प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट आणि सस्पेन्शन टॉर्क पान्याने पुन्हा तपासले, दोन सैल निघाले. उरली आहे एक किरकोळ तक्रार: ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटरही मंद पेटतो. मागचा दिवा फायबरच्या मडगार्डवर आहे आणि त्याचा अर्थ एका स्क्रूतून घेतलाय. तो सैल झाला की ब्रेकच्या बल्बचा करंट शेजारच्या बल्बमधून परत जातो. स्क्रू आवळून दोन दिवस गेले की पुन्हा तेच होतं, त्यामुळे आता दिव्यापासून मागच्या अर्थ बोल्टपर्यंत वेगळी काळी वायर ओढतोय. थिंबल मारून झालं आहे, कोटिंग घासायचं बाकी आहे.